घारापुरीचे रविवारचे उद्धारक

ग्रामपर्यटनाला हातभार लावण्यासाठी समुद्र ओलांडणारा स्वयंसेवक जगभर आढळतो. युरोपातला असेल तर तो बाली किंवा फिजी गाठतो आणि सेवा करू दिल्याबद्दल वर फी भरतो. नवी मुंबईतल्या जातीला एवढा पल्ला झेपत नाही, कारण रजा शिल्लक नसते. ती घारापुरीला जाते. बेट, गाव, १९८७ पासूनचा जागतिक वारसा आणि रात्री घरचे जेवण, एवढे सगळे एका दिवसात साधणारे दुसरे ठिकाण या भागात नाही. प्रस्तुत लेखनासाठी या जातीचा जो नमुना सर्वांत जवळून तपासता आला, तो आरशात फुकट उपलब्ध होता.

घारापुरी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते, म्हणजे सातबारा आणि नकाशा या दोन्ही हिशेबांनी नवी मुंबईच्याच बाजूची. तरीही नेरूळचा स्वयंसेवक हार्बर लाइनने सीएसएमटी गाठतो, गेटवेला लाँच धरतो आणि तासाभराने पुन्हा आपल्याच घराच्या दिशेने येऊन उतरतो. लाँचवरून न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात, २०२४ पासून अटल सेतूही दिसतो. हे सगळे आपल्या अंगणातलेच आहे हे त्याला कळत असते, पण परदेशी निघाल्याच्या भावनेला तो त्याचा धक्का लागू देत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत बेलापूरच्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचे उद्घाटन झाले तेव्हा या वर्गात थोडी चलबिचल झाली होती. एवढ्या जवळून गेल्यावर त्याग दिसणार कसा?

स्वयंसेवकाचा दिवस रविवार. गावाच्या कमाईचाही दिवस रविवारच. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्या तीन वस्त्यांतल्या बहुतेक घरांची चूल पर्यटकांवर पेटते, आणि रविवारी जेट्टीपासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. नेमक्या त्याच दिवशी गावकऱ्यांनी दुकाने सोडून 'पर्यटकांशी संवाद कसा साधावा' या शिबिराला बसावे, अशी अपेक्षा असते. सोमवारी लेणी बंद असतात, गाव जरा मोकळे असते, पण सोमवारी स्वयंसेवकाला ऑफिस असते. या पेचातून आजवर कोणत्याही संस्थेला वाट काढता आलेली नाही, कारण तो पेच आहे हे ठरवणारी बैठकही रविवारीच होते.

संवादकौशल्याविषयी थोडे. पायऱ्यांच्या कडेला कैरी विकणारी एखादी बाई घ्यावी. ती कैरीला उभ्या चिरा देते, मनगटाच्या एका झटक्यात फाकी फुलासारख्या उघडते, मीठ-तिखट भुरभुरते, आणि तेवढ्यात वर चढणाऱ्या माणसाचा चेहरा, बूट आणि घाम बघून हिंदी, गुजराती की इंग्रजी ते ठरवून भाव सांगते. भाव उतरवताना ती मराठीवर येते, कारण घासाघीस करणारा बहुधा मराठीच असतो. तिच्यासमोर स्वयंसेवक 'ग्राहक ओळखा' हा तक्ता उलगडतो. ती तो आदराने बघते आणि उन्हाच्या बाजूला टांगून घेते.

स्वयंसेवकाचे दुसरे कार्य म्हणजे बेटाचे अस्सलपण जपणे. खानावळीत तांदळाची भाकरी, जवळा, तळलेला बोंबील असे सगळे मनासारखे असते, पण वर ट्यूबलाइट आणि कोपऱ्यात फ्रीझर दिसला की त्याचे मन खट्टू होते. 'मावशी, इथे कंदील लावा ना, पर्यटकांना आवडेल,' असे तो सुचवतो. 'लाइटीचं बिल भरतो ना आमी, मंग कंदील कशाला?' असे उत्तर येते, आणि ते 'स्थानिकांत जागृतीचा अभाव' या रकान्यात नोंदवले जाते.

या रकान्यांवरून एक जुनी हकीकत सांगणे भाग आहे, विषयाला थोडा फाटा फुटला तरी. बाहेरून येऊन घारापुरीची माहिती गोळा करून नेण्याचा पहिला मोठा उपक्रम पोर्तुगिजांचा. १५३४ च्या तहानंतर बेट त्यांच्या हाती आले. लेण्याच्या दारावर एक शिलालेख होता. तो त्यांनी काढून थेट पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला. तिथे तो कोणालाही वाचता आला नाही, आणि पुढे हरवला. ही हकीकत त्यांच्याच बखरकाराने, दियोगो दो कोउतो याने, लिहून ठेवली आहे. लेणी नेमकी कोणी खोदली यावर विद्वान अजून वाद घालतात, बहुतेकांचे बोट कलचुरींकडे जाते. उत्तर कदाचित त्या दगडावरच होते. सर्वेक्षणाचा अहवाल मुख्यालयाला पाठवणे, तो कोणी न वाचणे आणि मग तो न सापडणे, ही कार्यपद्धती बेटावर पावणेपाचशे वर्षे जुनी आहे. आजच्या स्वयंसेवकाने फक्त दगडाऐवजी एक्सेल शीट आणली.

दुसरा उपक्रम हत्तीचा. राजबंदरजवळ काळ्या दगडाचा प्रचंड हत्ती उभा होता, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. हत्ती बेटावर बरा होता. १८१४ मध्ये त्याचे डोके गळून पडले आणि पुढे धडही ढासळले. त्याला इंग्लंडला न्यायचे ठरले होते आणि उचलताना तो कोसळला, असेही सांगतात. काही असो, १८६४ मध्ये तुकडे राणीच्या बागेत पोचले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, सांधे दिसताहेत, पण उभा आहे. म्हणजे बेटाला ज्याने नाव दिले तो भायखळ्याला राहतो आणि बेटावर त्याच्या पितळी, लाकडी, संगमरवरी प्रतिकृती विकल्या जातात. स्टॉलवाल्याला विचारावे, 'खरा हत्ती कुठाय?' तो न चिडता सांगतो, 'तुमच्याकडं.' प्रश्न विचारणारा नेरूळचा असला तरी उत्तर बदलत नाही. समुद्रापलीकडचे सगळे एकच.

तिसरा उल्लेख माकडांचा. ती स्वयंसेवकाच्या हातातली बाटली घेतात, झाकण फिरवून उघडतात, पितात आणि बाटली दरीत टाकतात. 'प्लास्टिकमुक्त बेट' हे घोषवाक्य छापलेला फ्लेक्स वाऱ्याने सुटून त्याच दरीत जातो. पुढे जाऊ.

स्वयंसेवकाला बेट अंधारात, अस्पर्श हवे असते. घारापुरीत कायमची वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ ला, समुद्रतळातून टाकलेल्या साडेसात किलोमीटर केबलने. त्याआधी रात्री काही तास जनरेटर चालायचा, तो बंद झाला की मुलांचा अभ्यास कंदिलावर. आणि समोर एका बाजूला मुंबई लखलखत असायची, दुसऱ्या बाजूला बंदर, ज्याचे दिवे रात्रभर विझत नाहीत. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे हा देखावा फुकट बघितलेल्या माणसाला कंदिलाची शोभा समजावून सांगायला वेगळाच निर्लज्जपणा लागतो. तो स्वयंसेवकाकडे असतो, कारण त्याला इतिहास माहीत नसतो. स्वतःच्या फ्लॅटचाही नसतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. भातशेती आणि मिठागरे गेली, खाडीवर पोट असलेल्यांची खाडी गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले, १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या जमिनीवरच्या सातव्या मजल्यावरून निघून आगरी-कोळ्यांच्याच एका गावाला 'स्थानिकांचा सहभाग' शिकवायला जाणे, हे जरा जास्तच आहे.

परदेशात हे प्रकरण याहून पुढे गेलेले आहे. कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांची हौस वाढली तसे अनाथाश्रम वाढले. त्यातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. पाहुण्याला मिठी मारायला अनाथ हवा होता, म्हणून तो पुरवला गेला. घारापुरीत अजून तेवढी सोय झालेली नाही.

ग्रामपर्यटन चालते तिथे स्वयंसेवक सहसा दिसत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आधी प्रशिक्षण मिळाले, होड्यांसाठी सरकारी योजनेतून पैसा आला, गिऱ्हाइके आणि हिशेब त्यांनी स्वतः सांभाळले. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी बघायला होड्या निघतात. तिथेही खाडीची जाण नावाड्याला असते, दुर्बीण पाहुण्याकडे.

घारापुरीला बाहेरच्या माणसाकडून हवी असलेली कामे किरकोळ आहेत. ऑनलाइन नकाशावरचा खानावळीचा चुकीचा फोन नंबर दुरुस्त करणे, कुणाच्या मुलीचा कॉलेजचा अर्ज भरून देणे, बँकेच्या ॲपमध्ये अडकलेले पैसे सोडवून देणे. यात अर्धा तास जातो. त्यानंतर स्वयंसेवकाने बोंबील खावेत आणि बिलात घासाघीस करू नये. शेवटची लाँच अंधार पडायच्या आत सुटते. ती पकडताना त्याला सेवेचे इतर सगळे संकल्प सोडता येतात. ग्रामपंचायत जेट्टीजवळ पर्यटकांकडून कर घेते, पावती देते. आपण पर्यटक नसून स्वयंसेवक आहोत, असे सांगून तो चुकवण्याचा प्रयत्न वर उल्लेखिलेल्या नमुन्याने करून पाहिला आहे. खिडकीतल्या बाईने मान वर न करता पावती फाडली आणि सुटे पैसे मागितले.