पाटी रंगली, पुढे काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की आरोग्यवर्धिनी केंद्रांना यापुढे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणायचे. वर्षअखेरपर्यंत पाट्या रंगवायच्या, फोटो पोर्टलवर चढवायचे. केंद्रामागे खर्च ३,००० रुपये. आरोग्य खात्याला रंगाऱ्याची एवढी निकड क्वचितच भासली असेल.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून महाराष्ट्राने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट केला. हे मात्र खरोखर कामाचे.

३०,००० लोकांमागे, डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष जुनाच. पण रात्री साप चावलेल्या माणसाला जीपमधून आणणारे नातेवाईक ना निकष विचारतात, ना पाटी वाचतात. डॉक्टर आहेत का, एवढेच विचारतात. त्या उत्तराचा फोटो पोर्टलने मागितलेला नाही.