नाडी, नायगाव आणि आम्ही

विचुंब्यात राहण्याचा मोठा फायदा म्हणजे पनवेल स्टेशन जवळ, आणि लोकल तिथूनच सुटत असल्यामुळे खिडकीची जागा मिळते. तोटा एकच, स्टेशनापर्यंतची शेअर रिक्षा. 'अजून एक सीट' आल्याशिवाय ती हलत नाही. परवा ती सीट आमच्या मामांची होती. म्हणजे दीड.

मामा दादा कोंडक्यांचे भक्त. "कृष्णाचं जन्मस्थान बघायला लोक मथुरेला जातात. आपला कृष्णा नायगावचा. वडाळ्याला उतरायचं," एवढं सांगून त्यांनी पांढरा लेंगा चढवला. नाडी वीतभर बाहेर. मी खुणावलं तर म्हणाले, "असू दे, हवा लागते."

खारघरला मामांनी कथा लावली. ८ ऑगस्ट १९३२चा जन्म, कृष्णा हे खरं नाव, गिरणगावातलं घर. बेलापूरला पोरवयातल्या मारामाऱ्या आल्या, त्यात सोडावॉटरच्या बाटल्या. समोरच्या गृहस्थांनी आपली पाण्याची बाटली हळूच मांडीखाली सरकवली. वाशीला 'अपना बाजार'मधली नोकरी, बॅण्ड आणि सेवादलाचं कलापथक. मानखुर्दला मामांचा आवाज उतरला. "जवळची माणसं लागोपाठ गेली रे. माणूस गप्पगप्प झाला. मग ठरवलं, आता लोकांना हसवायचं." डब्यात क्षणभर शांतता. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "काका, कुर्ल्याला उतरणार का?"

"नाही. १९६५ला उतरणार," मामा म्हणाले आणि वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'वर आले.

वडाळ्याला दारात रेटारेटी झाली. मामा उतरले, नाडी उतरेना. एका कॉलेजकुमाराच्या बॅगेच्या चेनीत ती अडकली होती.

"काका, तुमचं काहीतरी माझ्याकडे आलंय!"

"ओढू नकोस बाळा, सगळं त्याच्यावरच आहे!"

लेंगा सावरत मामा मागे सरकले आणि पोरगा बॅगेसकट फलाटावर आला. गाडी गेली. "मला शिवडीला उतरायचं होतं," तो रडवेला होऊन म्हणाला. मी चेन सोडवत होतो आणि मामा त्याला 'सोंगाड्या'त दादांनी रंगवलेल्या नाम्याच्या लोंबत्या नाडीचं महत्त्व समजावत होते. १९७१चा सिनेमा. पोराचा जन्म त्यानंतर तीसेक वर्षांनी झाला असावा. तरी तो हसला.

नायगावात जिथे बॉम्बे डाइंगची स्प्रिंग मिल होती, तिथे मान मोडेल एवढे टॉवर. टपरीवाल्याला विचारलं, "दादा कुठे राहायचे हो?"

"कोणते दादा? या गल्लीत चार आहेत."

"हाफ पँटवाले."

"ते होय!" तो खो खो हसला. चाळ त्याला माहीत नव्हती. पण दोन कटिंग पुढे आले आणि पैसे घेतले नाहीत.

परतताना मामांनी नाडी व्यवस्थित आत खोचली. म्हणाले, "एवढं मोठं काम आपल्याला झेपायचं नाही."