गारव्याची कैफियत

वाऱ्यासाठी म्हणून मनुष्याने समुद्रावर जावे, आणि तेथे पोहोचल्यावर नौकेच्या यच्चयावत खिडक्या घट्ट लावून घेऊन आत कृत्रिम गारवा निर्माण करण्याची खटपट करावी, हा व्यवहार तर्कशास्त्राच्या कोणत्याही कलमाखाली बसत नसला, तरी मे महिन्यातील भर दुपारी अपोलो बंदरासमोर बांधून ठेवलेल्या नौकेच्या केबिनमध्ये ज्याने अर्धा तास काढला आहे, तो त्यास हरकत घेणार नाही. वारा त्या दिवसांत दुपार टळल्याखेरीज कामावर रुजू होत नाही. फायबरचे छत तापून उठते. आणि डिझेलचा, दमट गाद्यांचा व कालच्या तळलेल्या बोंबलांचा असा त्रिविध परिमळ एकमेकांच्या हद्दीत अतिक्रमण करीत राहतो.

आमचे स्नेही दादासाहेब हे निवृत्त सॉलिसिटर. इतरांच्या मिळकतींचे तंटे तोडता तोडता त्यांनी जी स्वतःची मिळकत उभी केली, तिचा बराचसा भाग या नौकेच्या रूपाने त्यांनी पाण्यात घातला, आणि उरलेला या नौकेवरील वातानुकूलन यंत्रात.

हे यंत्र घरातल्या यंत्राचे सख्खे भावंड असले तरी त्याचा स्वभाव निराळा. घरातले यंत्र खोलीतील उष्णता उचलून शेजाऱ्याच्या खिडकीवर नेऊन टाकते. नौकेला शेजारी नसल्यामुळे तिच्यावरील यंत्र ती उष्णता समुद्राच्या स्वाधीन करते. त्यासाठी नौकेच्या तळाला एक भोक पाडावे लागते (आपल्या नौकेच्या तळाला पदरचे पैसे मोजून भोक पाडून घेणारा प्राणी सृष्टीत दुसरा नसेल), त्या भोकावर एक कॉक, त्यामागे कचरा अडविणारा जाळीचा स्ट्रेनर, त्यामागे पंप, आणि त्यापुढे तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची ती वेटोळी कॉइल, जिच्यातून प्रदक्षिणा घालून आलेले पाणी नौकेच्या कुशीतील दुसऱ्या भोकातून धारेच्या रूपाने पुन्हा समुद्रास मिळते. ही धार वाहते आहे तोवर सर्व क्षेम. ती आटली की उष्णतेला बाहेर पडण्यास वाट उरत नाही, गॅसचा दाब चढत जातो, आणि यंत्र आत्मरक्षणार्थ बेमुदत संपावर जाते.

यंत्राची ताकद टनांत सांगतात, आणि हा टन मूळचा बर्फाचा आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता गिळील, त्या वेगाने उष्णता काढणाऱ्या यंत्रास एक टनाचे म्हणावे, असा हा हिशेब. पाटीवर तो तासाला १२,००० बीटीयू अशा भारदस्त वेषात येतो. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नामक व्यापाऱ्याने १८३३ साली कलकत्त्यास जहाजाने बर्फ धाडला, आणि पुढे मुंबईसही तो येऊन आमच्या या बंदराजवळच बर्फघरात साठविला जाऊ लागला, हा इतिहास दादासाहेब प्रत्येक पाहुण्यास ऐकवितात. तो बर्फ वाटेत पुष्कळसा वितळला, पण बिघडला कधीच नाही, हे त्यावरील त्यांचे भाष्य आहे, आणि वितळणे व बिघडणे यांतील हा भेद नौकामालकाखेरीज इतरांस सहसा उमगत नाही.

तर मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी अमावास्येचे उधाण होते, ओहोटी सणसणीत लागली होती, आणि वहिनींनी आणलेल्या पन्ह्याचे पेले नुकते भरले जात होते, तोच यंत्र एकदा हुंकारून थांबले व त्याच्या तोंडावरील काचेत ‘एचपीएफ’ ही तीन अक्षरे लुकलुकू लागली. पाहुण्यांपैकी एकाने ती विजेच्या कंपनीच्या माथी मारली; दादासाहेबांनी जनरेटर तर चालू आहे असे दाखवून ती फिर्याद जागच्या जागी काढून टाकली. मग दूरध्वनी झाला, आणि काही वेळाने धक्क्यावरून डिंगीत बसून, दोन्ही हातांनी हत्यारांची पेटी उराशी कवटाळून, एक मिस्त्री आला. त्याची सारी हयात फोर्टातील कचेऱ्यांची यंत्रे दुरुस्त करण्यात गेली होती, आणि डोलणाऱ्या जमिनीविषयी त्याचे मत त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. त्याने यंत्राकडे पाहिले मात्र, आणि निकाल दिला, “गॅस गेला.”

या व्यवसायातील निकाल एकूण दोनच असतात, एक गॅस जाण्याचा आणि दुसरा कॉम्प्रेसर जाण्याचा. पहिल्यात केवळ खिसा रिकामा होतो आणि दुसऱ्यात घर गहाण पडते, म्हणून पहिला निकाल लागला की पक्षकार मिस्त्रीचे आभार मानतो. पण दादासाहेब असे सहजी मानणारे नव्हेत. त्यांनी पुरावा मागितला. मिस्त्रीने गॅसचा दाब दाखविणाऱ्या तांबड्या व निळ्या तबकड्या जोडून यंत्र पुन्हा सुरू केले, आणि तांबड्या तबकडीचा काटा, गॅस कमी असता ज्या दिशेस जाणे योग्य झाले असते तिच्या नेमक्या उलट दिशेस तरातरा चढून गेला. खट्ट असा आवाज झाला. यंत्र पुन्हा थांबले.

हे सर्व चालले असता नौकेवरचा करंज्याचा तांडेल कठड्यावरून ओणवा होऊन शांतपणे नौकेच्या कुशीकडे पाहत होता. “धार नाही, साहेब,” तो म्हणाला. सर्व मंडळी खाली मान घालून पाहू लागली. ज्या भोकातून मनगटाएवढा नसला तरी बोटाएवढा तरी प्रवाह पडावयाचा, तेथून तीन थेंब पडले, आणि चौथा पडावा की न पडावा या विचारात लोंबकळत राहिला.

मिस्त्रीने लगबगीने स्ट्रेनरच्या झाकणास हात घातला. तांडेलाने त्याचे मनगट धरले. “आधी कॉक बंद करा, मिस्त्री. नाहीतर सगळा दर्याच आत येईल, मग गारच गार.” कॉक बंद झाला, झाकण निघाले, आणि मुद्देमाल वर्तमानपत्रावर मांडण्यात आला : काळा गाळ, नारळाच्या शेंडीचा पुंजका, झेंडूच्या कुजक्या पाकळ्या, कोणाच्या तरी निर्माल्याचा दोरा, आणि नखाएवढा एक खेकडा, ज्याने नांग्या उगारून या झडतीचा जाहीर निषेध केला. वहिनींनी त्यास पन्ह्याच्या चमच्यावर घेऊन समुद्रात सोडून दिले. तो चमचा पुढे कोणी वापरला याची चौकशी मी केली नाही.

जाळी स्वच्छ झाली, तरी धार येईना. उधाणाच्या ओहोटीबरोबर खाड्यांतला सारा केर बाहेर निघतो आणि त्यातली एखादी पिशवी तळाच्या भोकास जाऊन चिकटते, असे सांगत तांडेलाने नळी सोडवून वर धरली, तिला डिंगीत हवा भरावयाचा पायपंप जोडला, कॉक उघडला आणि दणादण पाय चालविला. नौकेखालून गुडगुड आवाज आला, आणि एक दुधाची रिकामी पिशवी पृष्ठभागावर येऊन, घारापुरीकडे जावे की कुलाब्याकडे, याचा क्षणभर विचार करून ओहोटीबरोबर चालती झाली.

आता नळ्यांत हवा कोंडली. हा पंप पाणी ढकलण्यात कितीही शूर असला तरी हवेपुढे त्याचे काही चालत नाही, आणि म्हणूनच त्यास पाण्याच्या पातळीखाली बसवितात, की समुद्राने आपण होऊन त्याच्या घरी चालत यावे. तांडेलाने पंपापुढील नळीची पट्टी पेचकसाने सैल केली. प्रथम फुसफुस, मग थुंकी, आणि मग एकाएकी असा फवारा उडाला की मिस्त्रीचे पावतीबुक त्याच्या मांडीवर सचैल न्हाले. पट्टी आवळली, बटण दाबले, आणि कुशीतून धार सुरू झाली.

केबिन गार पडू लागली. मिस्त्रीने ओल्या कागदांतून त्यातल्या त्यात कोरडी पावती शोधून तीवर मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च व ‘गॅस तपासणी’ अशा रकमा मांडल्या, आणि ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘ग्राहकाकडे पाणी नाही.’ दादासाहेबांनी चष्मा लावून ते वाचले, खिडकीतून चहूंकडे पसरलेल्या अरबी समुद्राकडे पाहिले, आणि असल्या मजकुराखाली आपण सही केल्यास वकिलीची सनद परत करावी लागेल, असे सांगून कागद परत केला. मिस्त्री दुसरा शब्द लिहावयास तयार होईना, कारण त्याच्या साहेबास छापील यादीतलेच कारण लागते. वाद वाढत चालला, मिस्त्री दारात उभा, दार सताड उघडे, आणि अखेरीस वहिनी उठल्या, गारवा सगळा बाहेर चालला आहे असे म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाने सही ठोकली, आणि दार लावून घेतले.