टोटल लॉसचा पुनर्जन्म

विमा कंपनीच्या दरबारी गाडीचं मरण टक्केवारीत ठरतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ‘टोटल लॉस’. मालकाला भरपाई, सांगाड्याला लिलाव. गाडी कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ म्हणतं. पण सांगाड्यासोबत आरसी जिवंत राहिली, तर लोखंडापेक्षा कागदाचा भाव वधारतो. त्यावरच्या चासी नंबरानं चोरीच्या गाडीचंही बारसं उरकता येतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईभर गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून किती पावसाळे गेले, पण जुन्या गाड्यांच्या दलालाकडे बुडालेली गाडी कधीच नसते. त्याची प्रत्येक गाडी डॉक्टरांची, सिंगल ओनर, फक्त रविवारी देवळापर्यंत गेलेली. एवढी स्वस्त का? साहेब परदेशी चाललेत!

गिऱ्हाईकही तयारीचं. टायरला लाथ मारतं, हॉर्न वाजवतं, म्युझिक सिस्टीम लावतं, तपासणी संपली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघणं, गालिच्याखाली गंज शोधणं, विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मागणं, म्हणजे दलालावर अविश्वास! तो आपल्याला शोभत नाही. शिवाय लाखभर वाचतात. ते पुढे मेकॅनिकला हप्त्याहप्त्यानं देता येतात, तेही बिनव्याजी.