फुलं नसलेल्या फुलदाण्या : नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

टपाल तिकिटं फार हलकी वाटतात आणि जुन्या मोटारी लावायला जागा नाही, अशा गृहस्थांसाठी जपानी ब्राँझच्या फुलदाण्या जमवणं हा आदर्श छंद आहे. फुलदाणी फ्लॅटमध्ये मावते, तिला परवाना लागत नाही, आणि पायावर पडली तर जन्मभर आठवण राहते. खालच्या सूचना क्रमाने पाळल्यात तर कुठल्याही पगारदार माणसाला वर्षभरात 'जाणकार' म्हणवून घेता येईल. पगार पुरेल की नाही हा प्रश्न या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे.

१. कळकटपणाकडे आदराने पाहा.

धातूवर चढलेल्या रंगाच्या थराला पॅटिना म्हणतात आणि तुम्ही पैसे मोजणार आहात ते मुख्यतः याच थराचे. तपकिरी, काळसर, शेवाळी, लालसर ठिपक्यांचा असे त्याचे नाना अवतार आहेत. नवशिक्याला वाटतं, हा रंग काळाने चढवला. जपानमधल्या तोयामा प्रांतातलं ताकाओका हे ब्राँझकामाचं मोठं गाव. तिथे हा रंग काळावर सोपवून कोणी बसत नाही. तिथे रंग चढवणारे कारागीरच वेगळे असतात. जपानी रीतीत भांडं जंगाल आणि मोरचुदाच्या पाण्यात उकळतात. रंग सगळीकडे सारखा धरावा म्हणून त्याआधी किसलेला मुळा चोपडतात. तांदळाच्या कोंड्याचं मिसो थापून भांडं भाजायचीही पद्धत आहे. आणखी एक काळं पाणी असतं, ओहागुरो. लोखंड आंबवून केलेल्या याच पाण्याने जुन्या काळी जपानी लग्न झालेल्या बायका दात काळे करत.

थोडक्यात, काळाला जे करायला शतकं लागतात ते मुळा, कोंडा आणि मोरचूद यांच्या बळावर कारखान्यातच उरकलं जातं, आणि तेही काळापेक्षा पुष्कळ देखणं. ही विलक्षण कला आहे. म्हणूनच पाहुण्यांसमोर तिचा उल्लेख टाळा. पाहुण्यांना फक्त 'पाहा, काळाने काय रंग दिलाय!' एवढंच सांगा. मुळ्याचं नाव निघालं की किंमत निम्म्यावर येते.

२. पाच शब्द पाठ करा.

मुराशिदो म्हणजे लाल-जांभळट ठिपक्यांचा रंग. हा ऑनलाइन फोटोत फार खुलतो, म्हणून तुमची पहिली फुलदाणी हीच असणार. सेन्तोकु म्हणजे पिवळसर, पितळेकडे झुकणारा मिश्रधातू. शिबुइची म्हणजे साधारण तीन भाग तांबं आणि एक भाग चांदी, ज्यातून राखाडी रंग निघतो. शाकुदो म्हणजे तांब्यात काही टक्के सोनं घालून, वरच्या पाण्यात उकळून काढलेला गडद काळा धातू. काळ्याचं सोनं करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सोन्याचं काळं करून दाखवणारे मात्र हेच.

शाकुदो मुख्यतः तलवारीच्या साजावर आणि जडावकामात वापरलं जाई. अख्खी फुलदाणी त्याची असणं दुर्मिळ. पण दिसेल त्या काळ्या फुलदाणीकडे बघून भुवया उंचावून 'शाकुदो असेल का?' असं पुटपुटायला कोणतीही हरकत नाही. प्रश्नचिन्हावर जीएसटी नाही.

पाचवा शब्द तोमोबाको. त्याचं प्रकरण पुढे येतं.

३. इतिहास चार सनांत उरका.

1611 : माएदा तोशिनागा या सरदाराने ताकाओकात सात ओतारी आणून वसवले. 1873 : व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात जपानने आपल्या कारागिरीने पाश्चात्त्यांचे डोळे दिपवले आणि निर्यातीचा बाजार खुला झाला. 1876 : मेइजी सरकारने तलवार कमरेला लावून फिरायला बंदी घातली. मुठी आणि तलवारीचे साज घडवणाऱ्या कारागिरांचं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं आणि त्यांच्यातल्या अनेकांचे हात फुलदाण्या, धूपदाण्या, पक्षी-खेकडे अशा शोभेच्या वस्तूंकडे वळले. हे खरं आहे आणि दुःखदही आहे. म्हणूनच ते विक्रीला फार उपयोगी पडतं. 1965 साली साच्यातून निघालेल्या फुलदाणीचंही नातं सामुराईशी जोडता येतं. फक्त वाक्य सावकाश बोलावं लागतं आणि सन सांगायची वेळ आली की खोकावं लागतं.

1941 : धातू गोळा करण्याचा सरकारी हुकूम. युद्धासाठी देवळांच्या घंटा वितळल्या, घरातली भांडी गेली, शिबुया स्टेशनसमोरचा हाचिको कुत्र्याचा पुतळासुद्धा गेला. त्यामुळे 'युद्धातून वाचलेली' हे विशेषण बाजारात चांगला भाव खातं. युद्धानंतर ओतलेल्या फुलदाण्या तर शंभर टक्के वाचल्या आहेत.

४. भांडं उलटं करा.

संग्राहक आणि सामान्य माणूस यांच्यातला फरक इथे दिसतो. सामान्य माणूस फुलदाणी वरून बघतो, जाणकार खालून. तळावर चार-सहा अक्षरं कोरलेली असतील. ती वाचता येत नसली तरी मान डोलवा. त्यात चिनी मिंग सम्राट श्वान्दचा शिक्का निघाला तर हुरळून जाऊ नका. या सम्राटाची कारकीर्द 1426 ते 1435. त्याच्या नावाचा शिक्का पुढची कित्येक शतकं चीनमध्ये आणि जपानमध्ये आदराने, सवयीने आणि कधी कधी नफ्याने मारला गेला. बाजारातल्या त्याच्या नावाच्या वस्तू मोजल्या तर त्या बिचाऱ्याला दहा वर्षांत राज्यकारभाराला सवड मिळाली असेल असं वाटत नाही.

तळाला मधोमध गोल भोक असेल तर फुलदाणी परदेशात जाऊन आली आहे. युरोप-अमेरिकेत अशा कित्येक फुलदाण्यांना भोक पाडून, आतून वायर ओवून त्यांचे टेबल-लॅम्प केले गेले. निराश होऊ नका. विक्रेता याला 'वेगळा इतिहास असलेली' म्हणतो. तुम्हीही म्हणा.

५. आता पेटी.

तोमोबाको म्हणजे फुलदाणीची सोबतीण, पाउलोनियाच्या हलक्या लाकडाची पेटी. झाकणावर शाईने कलावंताचं नाव आणि खाली लाल शिक्का. पेटी असली की किंमत चढते. अनुभवी संग्राहक तर पेटीसाठीच पैसे मोजतो आणि आतली वस्तू चालवून घेतो.

झाकणावरचा मजकूर मात्र कोणाकडून तरी वाचून घ्या. किंवा त्याहून बरं म्हणजे, वाचून घेऊच नका. कारण युद्धोत्तर जपानमध्ये ब्राँझची फुलदाणी ही समारंभात द्यायची ठरलेली भेट होती. निवृत्ती, प्रदीर्घ सेवा, नव्या इमारतीचं उद्घाटन, शाळेचा वर्धापनदिन, काहीही असो. आपल्याकडची शाल आणि श्रीफळ जिथे उगवतात तिथे जपानात फुलदाणी उगवत असे, आणि ती नारळासारखी फोडून खाताही येत नसे. म्हणून ती पेटीत गेली, पेटी कपाटात गेली, आणि धनी गेल्यावर मुलांनी कपाट रिकामं केलं. तुम्ही दिवाणखान्यात काचेमागे ठेवलेलं आणि 'झेन शांततेचं प्रतीक' म्हणून ओळख करून दिलेलं भांडं हे कुठल्यातरी विमा कंपनीतल्या हेडक्लार्कने तीस वर्षं न उघडलेलं निरोपाचं बक्षीस असण्याची दाट शक्यता आहे. वाईट वाटून घेऊ नका. पॅटिना इतका निर्दोष का राहिला, याचं उत्तर मिळालं ना!

६. खरेदी.

क्योतोत असाल तर 21 तारखेला तोजी देवळाच्या आवारात आणि 25 तारखेला कितानो तेन्मान्गूला जुना बाजार भरतो. पहाटे जा. उशिरा जाणाऱ्याला फक्त ऊन मिळतं. क्योतोत नसाल, आणि बहुधा नसालच, तर जपानी लिलावाच्या साइट आहेत. तिथे 'उबुदाशी' असा शब्द दिसला की समजा, विक्रेत्याचं म्हणणं आहे की वस्तू जुन्या कोठारातून प्रथमच बाहेर पडली. काही वस्तू दर महिन्याला प्रथमच बाहेर पडतात.

आणण्याचा खर्च वस्तूपेक्षा जास्त येईल. अशा वेळी तोक्योच्या निशी-कासाईत राहणारा सॉफ्टवेअरवाला भाचा उपयोगी पडतो. त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तेव्हा भाचा नसला तरी भाच्याचा मित्र सापडेल. त्याला फोनवर 'एक छोटीशी फुलदाणी' म्हणा. किलो सांगू नका. विमानतळावर कळेलच.

मुंबईत चोरबाजार आहे. तिथे मिळणारी प्रत्येक जपानी वस्तू 'पारशी बंगल्यातून' निघालेली असते. दुकानदाराचं तोंड बंद करायचं असेल तर 1893 सालची गोष्ट काढा : त्या वर्षी निप्पॉन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबई ते जपान अशी बोटीची फेरी सुरू केली, मुख्यतः कापसासाठी. अर्थात ही गोष्ट ऐकली की दुकानदार तुमची फुलदाणी त्याच बोटीवर चढवेल आणि भाव वाढवेल.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या जपानी वस्तू आहेत. त्या खरेदीच्या आधी पाहा. खरेदीनंतर पाहिल्यास मनस्ताप होतो.

७. लोहचुंबक लावून बघा.

चिकटलं नाही तर वस्तू लोखंडाची नाही एवढं सिद्ध झालं. जस्त, अँटिमनी आणि विक्रेत्याचा चेहरा यांनाही चुंबक चिकटत नाही.

८. संरक्षण.

येथे शत्रू दोन. पहिला शत्रू घरातच असतो आणि त्याचा हेतू नेहमी चांगला असतो. पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेची भांडी लखलखीत घासणाऱ्या घरात काळसर भांडं म्हणजे कोणाचा तरी आळस. तुम्ही ऑफिसात असताना चिंचेचा कोळ, मीठ आणि काथ्या हातात घेऊन कोणी तरी उभं राहतं, आणि संध्याकाळी तुमचं दीड लाखांचं मुराशिदो देवघरातल्या समईशी स्पर्धा करत असतं. वर पुन्हा 'अहो, बघा तरी, आतून किती छान निघालं!' हे ऐकावं लागतं. या प्रसंगी संतापू नका. जे कारागिराने मुळ्याने चढवलं ते घरच्यांनी चिंचेने उतरवलं. दोघांचीही रसायनं स्वयंपाकघरातलीच.

दुसरा शत्रू खराखुरा आहे. फिकट हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांवर लक्ष ठेवा. धातूत क्षार शिरले आणि दमट हवा मिळाली की हा रोग लागतो आणि आतून पोखरत जातो. घट्ट बसलेला गडद हिरवा थर निरुपद्रवी, बोटाला लागणारी फिकट भुकटी धोक्याची. फुलदाणी कोरडी ठेवा, घामट हाताने धरू नका. समुद्राजवळ राहत असाल आणि जून ते सप्टेंबर पाऊस पडत असेल, तर फुलदाणीला वातानुकूलित खोली द्या. तुम्ही स्वतः पंख्याखाली झोपू शकता.

९. फुलं घालू नका.

पाण्याचा डाग पडतो. शिवाय जुन्या फुलदाण्या कधी कधी गळतात. जपानी लोक आत तांब्याची वेगळी नळी ठेवतात, तिला ओतोशी म्हणतात. ती हरवलेली असते. एखाद्या पाहुणीने हौसेने गुलाबाची दांडी आणलीच तर तिचे आभार माना आणि दांडी पाण्याच्या बाटलीत ठेवा.

१०. विक्री.

एक दिवस जागा संपेल. दुसऱ्या संग्राहकाला विचारा : तोही विकतच असेल. लिलावघराला विचारा : ते तुमच्या सहा फुलदाण्या 'एक लॉट' म्हणून चटईवर मांडतील आणि शेजारी चिनी मातीचा हत्ती ठेवतील. शेवटी मोडीवाल्याला बोलवा. तो शिक्का पाहत नाही, पेटी पाहत नाही, सामुराईची गोष्ट अर्ध्यावर तोडतो आणि तळाला हातोडी मारून बघतो. कारण काही फुलदाण्या जड वाटाव्यात म्हणून तळात प्लास्टर भरलेलं असतं. ते तो तुमच्यासमोर फोडून काढेल, उरलेलं काट्यावर टाकेल आणि धातू कोणता तेही फुकट सांगेल. काटा मात्र त्याचा वापरू नका.