दाखला पाण्याचा नको, पाणथळीचा हवा

शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जवळच्या नैसर्गिक पाणथळीत सोडायचं, उरलेली घाण ती गाळून घेईल, असे प्रस्ताव हल्ली पर्यावरणाच्या नावाने मांडले जातात. पाणथळ गाळते, यात वाद नाही. पण गाळता गाळता तिचं स्वतःचं काय होतं, हे परवानगी देणाऱ्याने आधी विचारलं पाहिजे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या हॉटन लेक या गावाने ते विचारलं. १९७८ पासून तिथलं तलावांत साठवून प्रक्रिया केलेलं सांडपाणी उन्हाळ्यात पंपाने एका नैसर्गिक दलदलीवर पसरवलं गेलं. दलदलीने त्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन बहुतांश अडवला. बाहेर पडणारं पाणी उत्तम! पण मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट कॅडलेक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झाडोऱ्याचीही नोंद ठेवत होते, म्हणून दुसरी बाजू कळली. पाणी सोडलेल्या पट्ट्यातले लव्हाळे आणि वाळुंजाची झुडपं मागे हटली, पाणकणीस माजलं.

कारण सरळ आहे. नायट्रोजनचा बराच भाग चिखलातले जिवाणू वायुरूपात हवेत सोडतात. फॉस्फरसला ती वाट नाही, तो गाळात आणि मुळांत साठत जातो. खत वाढलं की दांडगी झाडं फोफावतात, नाजूक झाडं संपतात आणि त्यांच्या आधाराने जगणारे किडे-पक्षीही जातात. पाण्याच्या बाटलीतल्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही.

आता आपले नियम पाहा. पाणथळ जागांबाबतचे २०१७ चे केंद्रीय नियम प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला बंदी करतात. चांगलंच आहे. पण प्रक्रिया झाली म्हणजे किती झाली? त्याच वर्षी केंद्राने मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी जी मानकं काढली, त्यांत बीओडी (म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप) आहे, गाळ आहे, जिवाणू आहेत. नायट्रोजन आणि फॉस्फरस नाहीत. हरित लवादाने २०१९ मध्ये या दोन्हींसह कडक मर्यादा लावायला सांगितलं. थोडक्यात, केंद्राच्या त्या मानकांत पूर्ण उत्तीर्ण झालेलं पाणीसुद्धा पाणथळीला खताच्या ओझ्याखाली गाडू शकतं. नाशिकच्या खाली गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचं पाणथळ क्षेत्र आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून आपण त्याचा अभिमान मिरवला. तिथे माजणारी जलपर्णी हा वरून येणाऱ्या खताचाच हिशेब आहे.

यावर कोलकात्याचा दाखला दिला जातो. पूर्व कोलकात्याच्या १२,५०० हेक्टर पाणथळीत शहराचं मैलापाणी माशांच्या तळ्यांत खेळवलं जातं, आणि ती २००२ पासून रामसर यादीत आहे. दाखला खरा, पण अर्धा सांगितलेला. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था अभ्यासून जगापुढे मांडली, तेव्हा त्यांनी श्रेय दिलं ते तिथल्या मच्छीमारांना. ही तळी, म्हणजे भेरी, उथळ ठेवायची, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचतं आणि शेवाळ वाढतं. मासे ते शेवाळ खातात. मैलापाणी बेतानेच आत घ्यायचं. बांधाला लाटा लागू नयेत म्हणून कडेने जलपर्णी राखायची. तिथे निसर्गाच्या जोडीला माणसं राबतात आणि पाणी किती घ्यायचं ते ठरवतात. ती माणसं वगळून नुसता पाइप आणून सोडला, तर त्याला कोलकात्याचं नाव देऊ नका.

म्हणून परवानगीच्या अटी स्पष्ट हव्यात. पाणी सोडण्याआधी किमान वर्षभर, सगळ्या ऋतूंत पाणथळीतली झाडं, पक्षी, मासे आणि पाण्याची पातळी नोंदवा. नायट्रोजन-फॉस्फरसची मर्यादा त्या जागेपुरती ठरवा. दरवर्षी तीच मोजणी करा आणि आकडे गावाला दाखवा. तिथे मासे धरणाऱ्यांना देखरेख समितीत मत द्या. आणि झाडोरा बदलू लागला की पाणी बंद, हे आदेशातच लिहा. पाणी दुसरीकडे वळवायची सोय आधी तयार नसेल, तर ही अट पाळताच येणार नाही. तेव्हा तीही पहिल्याच दिवशी दाखवायला लावा. एवढं जमत नसेल, तर महापालिकेने आपलं शुद्धीकरण केंद्र वाढवावं. तो खर्च शहराचा आहे, पाणथळीच्या माथी मारण्याचा हक्क कुणालाच नाही.