कारतलबखानाचे सागरी पदभ्रमण

पाठीवर बिऱ्हाड घेऊन, पदरचे पैसे मोजून, समुद्र एका हाताला ठेवत अनेक दिवस चालत राहणे याला सागरी पदभ्रमण म्हणतात. ते परमुलखात केल्यास जास्त गुण येतो असा समज आहे. तुर्कस्तानात १९९९ साली खुली झालेली, खडकांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेली लिशियन वाट आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला वळसा घालणारी हजारभर किलोमीटरची किनारवाट ही त्याची नावाजलेली क्षेत्रे. रायगड जिल्ह्यालाही लांबलचक किनारा आहे, मात्र त्याच्या १५ तालुक्यांपैकी कर्जत आणि खालापूर यांच्या वाटणीला वाळूचा एक कणही आलेला नाही. असे असूनही परक्या पाहुण्याने हाती घेतलेल्या सागरी पदभ्रमणाची या मुलखातली सर्वांत ठळक नोंद खालापूर तालुक्यातच आहे. साल १६६१, पाहुणा कारतलबखान. समुद्र त्याला शेवटपर्यंत दिसला नाही.

खान मोगलांच्या चाकरीतला उझबेक सरदार. आजचा उझबेकिस्तान समुद्रापासून इतका आत आहे की किनारा गाठायला तिथून किमान दोन देश ओलांडावे लागतात. जगात अशी अडचण असलेला दुसरा देश एकच, लिश्टेनश्टाइन. अशा वंशातल्या माणसाला कोकण पाहावेसे वाटले तर त्यात नवल नाही. सहलीचे आयोजक शाहिस्तेखान. ते १६६०च्या मे महिन्यापासून पुण्यात मुक्कामाला होते. शिवाजी महाराजांनी १६५७ साली घेतलेले कल्याण-भिवंडी आणि त्यालगतचा किनाऱ्यापर्यंतचा मुलूख एका फेरीत उरकावा, अशी आखणी होती. आयोजकांनी स्वतः पुण्यातच थांबून सगळी भिस्त सहभागींवर टाकली. ही प्रथा या व्यवसायात अजून मोडलेली नाही.

सहभागींची संख्या वीस हजारांच्या आसपास सांगतात. हल्ली पावसाळी रविवारी भिवपुरीच्या धबधब्याकडे उतरणारी गर्दी पाहिली की हा आकडा फारसा अवाढव्य वाटत नाही. सामानात तंबू, खजिना, दारूगोळा, घोडे वगैरे होते. पदभ्रमणात पाठीवरचे ओझे आणि आत्मविश्वास यांचे प्रमाण सम असते. म्हणूनच कर्जतच्या फलाटावर उतरणारा नवखा गडी दोन काठ्या, तीन बाटल्या आणि डोक्याला लावायचा दिवा घेऊन येतो, तर डोक्यावर मोळी घेतलेली ठाकरवाडीची बाई त्याच चढावर त्याला मागे टाकताना ‘दादा, वाट सोडा’ एवढेच म्हणते. तिच्या चालण्याला ट्रेक म्हणत नाहीत, कारण ती पैसे भरत नाही.

आता मार्ग. सह्याद्रीवरून कोकणात उतरायला घाटवाटा पुष्कळ. कर्जतच्या बाजूला खांडसकडे येणारे भीमाशंकरचे गणेश घाट आणि शिडी घाट, भिवपुरीकडे येणारा कुसूर घाट, कोंदिवड्याकडे येणारी राजमाचीची वाट. खालापूरच्या बाजूला राबता बोरघाट. खानाने तळेगाव, वडगाव करत लोणावळ्याच्या अंगाला आल्यावर बोरघाट सोडला आणि कुरवंडे घाट धरला. नेहमीच्या रस्त्याने गेल्यास यजमान सावध होतील, आडवाटेने गेल्यास त्यांना पत्ता लागणार नाही, हा त्यामागचा विचार. सह्याद्रीत आडवाटेचा पत्ता ज्यांना सगळ्यात आधी असतो, त्यांच्यापासूनच ती लपवायचा हा बेत होता. कुरवंड्याची वाट नागफणीच्या सुळक्याशेजारून पाचशेएक मीटर खाली चावणी गावाकडे उतरते. (पुढे इंग्रजांना त्याच सुळक्यात आपल्या एका ड्यूकचे नाक दिसले. परक्या मुलखातल्या डोंगरात स्वतःच्याच माणसांचे अवयव दिसणे हे प्रवासाच्या बाधेचे जुने लक्षण आहे.)

या वाटेचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथात येते. दाट झाडी, वाऱ्याची झुळूक नाही, पायाखाली दगडधोंडे, आणि वाट इतकी चिंचोळी की फौजेची रांग होते. वीस हजारांची रांग झाली की पुढच्याला लागलेली ठेच मागच्याला कळायला वेळ लागतो. सामानाचे तर विचारूच नये. सपाटीवर जे वैभव असते ते उतारावर ओझे होते आणि त्याला ओढणारी जनावरे आधी दमतात. फेब्रुवारीचा आरंभ असल्याने ओढे आटत आलेले. तहानेने फौज व्याकूळ झाली. खोपोली परिसरातला कोणताही गुराखी हे दोन वाक्यांत सांगू शकला असता. पण त्याला विचारावे असे कोणालाही वाटल्याची नोंद नाही. वाटाड्याचे पैसे वाचवणे ही पदभ्रमणातली सर्वांत महाग काटकसर असते.

तुकडीत जाणते माणूस अगदीच नव्हते असे नाही. माहूरच्या रायबाघन, म्हणजे उदाराम घराण्यातल्या सावित्रीबाई, सोबत होत्या. हा किताब त्यांना मोगल दरबाराकडून मिळालेला, अर्थ शाही वाघीण. सिंहाच्या रानात फौज घेऊन शिरणे हा मूर्खपणा आहे, असे त्यांनी खानाला रोखठोक सुनावल्याचे परमानंद सांगतात. फक्त हे बोल रानात पुरते अडकल्यावरचे आहेत. बाईमाणसाचा सल्ला निघण्यापूर्वी घेण्याची पद्धत मोगल लष्करात नव्हती. अन्य लष्करांत आणि अनेक घरांतही नाही.

२ फेब्रुवारी १६६१ रोजी तुकडी उंबरखिंडीत पोचली. यजमानांची व्यवस्था चोख होती. खिंडीची दोन्ही तोंडे बंद, दोन्ही बाजूंच्या झाडीत माणसे आणि माथ्यावर स्वतः महाराज. वरून बाण, गोळ्या आणि दगड आले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, आणि थांबावे तर पाणी नाही. पदभ्रमणाच्या पुस्तकांत ज्या तीन अडचणी निरनिराळ्या प्रकरणांत दिलेल्या असतात, त्या इथे एकाच ठिकाणी भेटल्या. रायबाघन यांच्याच सल्ल्याने खानाने वकील पाठवून अभय मागितले. ते मिळाले. त्यासाठी खंडणी भरावी लागली आणि सामानसुमान खिंडीत ठेवून रिकाम्या हाताने परत जावे लागले. आजकाल वाटांच्या तोंडाशी ‘सोबत आणलेली प्रत्येक वस्तू परत न्या’ अशी पाटी असते. उंबरखिंडीत नियम नेमका उलट होता, आणि त्याचे पालन शंभर टक्के झाले. प्रवेश फुकट, शुल्क बाहेर पडताना, ही पद्धतही तिथलीच. पुढे द्रुतगती मार्ग झाल्यावर खालापुरात नाका आला खरा, पण तो माणसाला निदान गाडी तरी परत नेऊ देतो.

खान आल्या वाटेने घाट चढून गेला. ज्या पाण्याने त्याला दगा दिला तेच पाणी पावसाळ्यात या रानातून अंबा नदीला मिळते आणि धरमतरच्या खाडीत, म्हणजे थेट समुद्रात, जाते. कर्जतची उल्हास वसईच्या खाडीला आणि खालापूरची पाताळगंगाही धरमतरलाच पोचते. कर्जत-खालापुरातून दरवर्षी न चुकता सागरी पदभ्रमण पुरे करणारे म्हणून नाव घ्यायचे तर या नद्यांचेच. त्यांना पाठपिशवी लागत नाही.

चावणीजवळ आता या लढाईचे स्मारक उभे आहे. खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळले की गाडी गावापर्यंत जाते, त्यामुळे चालण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

१६६१चे ठरलेले सागरी पदभ्रमण मात्र रद्द झाले नाही. ते यजमानांनी केले. उंबरखिंड उरकल्यावर महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर करत राजापूरला पोचले. तिथे इंग्रजांची वखार होती. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात शत्रूला तोफगोळे पुरवायला आणि आपले निशाण फडकावायला हेच इंग्रज किनारा सोडून डोंगरात आले होते. त्यांची ही आवड लक्षात ठेवून हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांना समुद्रकाठावरून उचलून पुन्हा डोंगराकडे नेण्यात आले. त्यांतल्या काहींचा हा गडमुक्काम १६६३पर्यंत चालला.